नागपुरात फुलं पाठवायची असतील तर

नागपुरात बदलून आलेल्या माणसावर पहिल्या काही महिन्यांतच कुणाला तरी फुलं पाठवायची वेळ येते. घरमालकांच्या मुलीचा साखरपुडा असतो, ऑफिसात कुणी निवृत्त होतं, नाहीतर शेजारच्या काकू महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाचं आमंत्रण देऊन जातात. पुण्या-मुंबईकडून आलेला माणूस सवयीने मोबाईल काढतो, मोठ्या वेबसाइटवर लाल गुलाबांचा फोटो निवडतो आणि पैसे भरून मोकळा होतो. या वेबसाइटचं स्वतःचं दुकान इथे बहुधा नसतं. ऑर्डर फिरत फिरत धरमपेठेतल्या नाहीतर सदरमधल्या एखाद्या फुलवाल्याकडेच येते. कमिशन वजा होऊन जे पैसे उरतात, त्यात बसेल तसा बुके तो बांधतो. त्यापेक्षा त्यालाच सरळ फोन करावा. गावाकडून आई-बाबांना तुमच्या वाढदिवसाला काही पाठवायचं असेल तर त्यांनाही त्याचाच नंबर द्यावा. पैसे यूपीआयने जातात, आणि फुलं निघण्याआधी तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो.

असा माणूस शोधायला एकदा सकाळी लवकर बर्डीच्या (म्हणजे सीताबर्डीच्या) नेताजी मार्केटमधल्या फूलबाजारात जा. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच मिळतात, त्यामुळे शहरात कुठेही राहत असाल तरी पोचणं अवघड नाही. सुटी फुलं पावावर आणि किलोवर मिळतात. डच गुलाबाची जुडी साधारण 20 फुलांची असते, जरबेराची 10 फुलांची. दोन-तीन ठिकाणी नुसतं विचारा, "भाऊ, हा माल कधीचा आहे?" जो म्हणेल, "आज जरबेरा राहू द्या साहेब, शेवंती ताजी हाय," त्याचा नंबर घ्या. मराठी-हिंदीची सरमिसळ कानावर पडेल, तिला बिचकू नका. आठवडाभरात तुम्हीही तसंच बोलायला लागाल.

मालाचं वय विचारण्याला कारण आहे. डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन ही पॉलिहाउसची फुलं बरीचशी पुणे-नाशिकच्या बाजूने नाहीतर बंगळुरूकडून येतात. पुणं इथून सातशे किलोमीटरच्या पुढे. थंडीत हा प्रवास त्यांना सोसतो. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची हवा अशी असते की बुके टेबलावर आठवडाभर टिकावा. पण मार्च संपला की हिशेब बदलतो. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, आणि दुपारी दीडला स्कूटरच्या हुकाला लटकून निघालेला गुलाब मनीषनगर येईपर्यंत मान टाकतो. त्यात तो प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला असला तर आतल्या आत वाफवून निघतो. म्हणून उन्हाळ्यात मी तीन गोष्टींवर अडून बसतो. डिलिव्हरी सकाळी दहाच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. प्लॅस्टिक नको, साधा कागद. आणि शक्य असेल तर ओल्या फोममध्ये खोचलेली टोपली, कारण तिच्यातल्या देठांना वाटेतही पाणी मिळत राहतं. ज्यांच्याकडे पाठवताय त्यांनाही सांगून ठेवा की फुलं कूलरच्या झोतात ठेवू नका. गार वारा लागतो म्हणून लोक हौसेने तिथेच ठेवतात आणि पाकळ्या संध्याकाळपर्यंत सुकतात.

खरं सांगायचं तर एप्रिल ते जून मी गुलाबाच्या वाटेला जातच नाही. तो मोगऱ्याचा मोसम आहे. केळीच्या पानात बांधलेले मोगऱ्याचे गजरे आणि सोबत निशिगंधाच्या काड्या नेल्या तर घर दरवळतं, आणि पैसेही कमी लागतात. हिवाळ्यात शेवंती आणि ग्लॅडिओलस घ्यावेत. 14 फेब्रुवारीच्या आठवड्यात गुलाबाचे भाव ऐकून घाम फुटतो. तेव्हा गुलाबच हवा असेल तर आधी सांगून, थोडे पैसे देऊन ठेवा.

फोनवर आधी बजेट सांगा, मग रंग, मग फूल. एखादं फूल मिळालं नाही तर बदली काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही, हेही तेव्हाच बोलून घ्या. हे न बोलल्यामुळे होणारी भांडणंच जास्त. कार्डावरचा मजकूर तोंडी सांगू नका, देवनागरीत टाइप करून पाठवा, नाहीतर "अभिनंदन" कुठल्या अवतारात पोचेल याचा नेम नाही.

पत्त्याचं प्रकरण वेगळंच आहे. नागपूर ले-आउटांमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून केलेल्या वसाहतींमध्ये, वसलंय आणि प्रत्येक ले-आउटचे प्लॉट नंबर एकपासून सुरू होतात. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, बेसा कुठेही जा, 42 नंबरचा प्लॉट गल्लीआड सापडेल. तेव्हा ले-आउटचं किंवा सोसायटीचं पूर्ण नाव, जवळचा चौक आणि शाळा-मंदिरासारखी एक ठळक खूण द्या. ज्यांना फुलं द्यायची त्यांचा फोन नंबर द्यावाच लागतो. अगदी गुपित ठेवायचं असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा द्या.

काय न्यावं हे प्रसंगावर. महालक्ष्म्यांना बुके कोपऱ्यात पडून राहतो. तिथे सारखे दोन हार किंवा दोन वेण्या न्या, देव्या दोन असतात. त्या दिवसांत फूलबाजारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दोन दिवस आधी सांगून ठेवा. डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने करून देणारे वेगळे असतात, पण तुमच्या फुलवाल्याला ते माहीत असतात. निवृत्तीला हार आणि शाल-श्रीफळ असतंच, त्यामुळे मी बुकेऐवजी कुंडीतलं झाड देतो.

पांढऱ्या फुलांबद्दल एक सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती शोकाची वाटतात. नागपुरात बौद्ध सहकारी, शेजारी भरपूर भेटतील, आणि बुद्धमूर्तीपुढे पांढरी फुलं मनापासून वाहिली जातात. 14 एप्रिलला त्यांच्या घरी जाताना पांढरी शेवंती बिनधास्त न्या. दसऱ्याचं मात्र वेळापत्रक सांभाळा. बाबासाहेबांनी 1956 साली दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली तो दिवस अशोक विजयादशमीचा, त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक तिथे येतात आणि आजूबाजूचे रस्ते वळवलेले असतात. शिवाय सगळे फुलवाले झेंडूत बुडालेले. त्या भागात काही पाठवायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचतं करा.

धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची रांगच आहे. तिथे पाठवायच्या आधी रिसेप्शनला फोन करून विचारा. आयसीयूत फुलं चालत नाहीत, आणि कित्येक ठिकाणी साध्या वॉर्डातही गेटवरच ठेवून घेतात. पेशंट घरी आल्यावर पाठवलेली बरी. आणि तेव्हा निशिगंध नको, आजारी माणसाला बंद खोलीत तो उग्र होतो. साधी चार-सहा जरबेरा पुरतात.