सीबी रेडिओ घेताय? आधी अँटेना बघा

अमेरिकेतल्या वायोमिंगमधला लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८० महामार्गाचा पट्टा ज्यांनी हिवाळ्यात चालवला आहे, त्यांना सीबीची, म्हणजे ट्रकवाले आपापसात बोलतात त्या ‘सिटिझन्स बँड’ रेडिओची, गरज समजावून सांगावी लागत नाही. मी तो पहिल्यांदा चालवला तेव्हा ट्रकवर येऊन मला चार महिने झाले होते. आर्लिंग्टन मागे पडलं आणि वारा जमिनीवरचा बर्फ उचलून रस्त्यावर आडवा फेकू लागला. फोनवरचा नकाशा अजून हिरवाच होता. समोरून येणारा कोणी ड्रायव्हर सीबीवर जीव तोडून काहीतरी सांगत होता, पण माझ्यापर्यंत खरखरीतून दोनच शब्द पोचले: ‘वेस्टबाउंड’ आणि ‘स्लो’. मी वेग उतरवत नेला. दीडेक मैलावर दोन ट्रेलर रस्त्यावर आडवे झाले होते आणि त्यांच्यामागे रांग थांबली होती. रांगेच्या शेवटी मी थांबलो तेव्हा पुढच्या ट्रेलरचे दिवे हाताच्या अंतरावर वाटत होते.

त्या दिवशी दोन शब्दांवर भागलं. पण पूर्ण वाक्य का ऐकू आलं नाही, हे मनातून जाईना. रेडिओ नवा होता आणि चांगला महागातला होता. आठवड्याभराने एका जुन्या ड्रायव्हरने दोन मिनिटांत कारण दाखवलं. आरशाच्या ब्रॅकेटवर अँटेना बसवताना नायलॉनचा वॉशर मी चुकीच्या बाजूला घातला होता, त्यामुळे अँटेनाचा मधला खिळा ब्रॅकेटला टेकून सगळं शॉर्ट झालं होतं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच सांगतो, पैसा आणि वेळ आधी अँटेनावर घाला, त्याच्या अर्थिंगवर घाला, आणि मग रेडिओकडे वळा.

याला कारण आहे. अमेरिकेत सीबीला एएम आणि एफएम या प्रसारणाच्या पद्धतींवर ४ वॅट आणि सिंगल साइडबँड या तिसऱ्या पद्धतीवर १२ वॅट एवढीच ताकद कायद्याने मिळते. स्वस्त रेडिओ घ्या नाहीतर महाग, एएमवर दोघांचेही वॅट ४ च. महाग रेडिओत मिळतात त्या सोयी. तुमचा आवाज किती लांब जाणार आणि दुसऱ्याचा किती स्वच्छ येणार, हे बहुतेक अँटेना ठरवतो. सपाट मुलखात नीट जुळवलेल्या अँटेनावर चार-पाच मैलांवरचा ट्रक आरामात बोलतो. बिघडलेल्या अँटेनावर समोरून शेजारून जाणाराही अर्धाच ऐकू येतो.

नियम थोडक्यात. १९८३ पासून सीबीसाठी वैयक्तिक परवाना लागत नाही. चॅनेल ४० आहेत, २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये. आधी ती २३ होती, १९७७ च्या सुरुवातीला ४० झाली. चॅनेल ९ अडचणीतल्या माणसांसाठी राखीव आहे, तिथे गप्पा मारायच्या नाहीत. ट्रकवाले भेटतात चॅनेल १९ वर. एफएमला २०२१ मध्ये परवानगी मिळाली, पण हायवेवर अजून सगळे एएमवरच बोलतात, म्हणून रेडिओ एएमवर ठेवा. व्यावसायिक ड्रायव्हरला गाडी चालवताना फोन हातात धरून बोलायला केंद्रीय नियमाने बंदी आहे. त्या नियमात ‘मोबाइल टेलिफोन’ची जी व्याख्या आहे, त्यातून सीबी वगळलेला आहे.

ट्रक स्टॉपच्या दुकानात कोणी रेडिओ ‘पीक’ करून, म्हणजे त्याची ताकद वाढवून, देतो म्हणेल, वर ॲम्प्लिफायर लावायला सांगेल. ऐकू नका. सीबीवर ॲम्प्लिफायर लावणं बेकायदा आहे. शिवाय असा फुगवलेला आवाज फाटून येतो आणि शेजारच्या चॅनेलांवरही सांडतो. बर्फात कोणी अपघाताची खबर देत असेल, तर ती तुमच्या आवाजाखाली दबू शकते.

रेडिओ निवडताना मी पहिल्यांदा स्पीकर कुठे आहे ते बघतो. मोठ्या ट्रकमध्ये रेडिओ बहुधा डोक्यावरच्या कप्प्यात बसतो. स्पीकर तळाला असेल तर आवाज कप्प्याच्या फळीवर आपटून मुका होतो. समोर तोंड असलेला स्पीकर असलेला रेडिओ घ्या, किंवा बाहेरचा छोटा स्पीकर लावून तो कानाच्या बाजूला ठेवा. दुसरं म्हणजे स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारा) आणि आरएफ गेन (रेडिओ किती बारीक आवाज पकडेल ते ठरवणारा) या दोन्हींची वेगवेगळी बटणं हवीत. स्वस्त रेडिओत आरएफ गेन नसतो आणि ट्रक स्टॉपवर पन्नास ट्रकांच्या गर्दीत त्याची आठवण होते. इंजिनासारखी खरखर दाबणारा नॉइज ब्लँकर असावा. हवामानाची चॅनेल असली तर फार उत्तम. सरकारी हवामान खात्याचं प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या सात चॅनेलांवर दिवसरात्र चालू असतं, आणि फोनला रेंज नसलेल्या खोऱ्यात मला त्याने अनेकदा सावध केलं आहे. रंगीत दिवे, एको, रॉजर बीप यांच्यावर मी एक डॉलरही घालणार नाही. साइडबँड हौसेची गोष्ट आहे. हायवेच्या कामाला ते लागत नाही.

आता ट्रक. कंपनीचा ट्रक असेल तर ड्रिल हातात घेण्याआधी विचारा. बऱ्याच कंपन्या भोक पाडू देत नाहीत. आणि बहुतेक वेळा गरजही नसते. कितीतरी ट्रकांमध्ये अँटेनाची केबल आणि १२ व्होल्टचे दोन खिळे कारखान्यातूनच डोक्यावरच्या कप्प्यात आणून ठेवलेले असतात, लाल आणि काळे. पॅनेल उघडून आधी ते शोधा. फक्त त्या तयार केबलीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आधीच्या ड्रायव्हरने तिचं काय केलं असेल, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

अँटेनाच्या लांबीमागे साधं गणित आहे. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटरची असते. तिचा पाव भाग म्हणजे साधारण पावणेतीन मीटर. म्हणून पूर्ण लांबीचा उभा अँटेना १०२ इंचांचा, खाली स्प्रिंग लावून मिळतो. ट्रकची कायदेशीर रुंदीही १०२ इंचच असते, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो. पण एवढी काठी आरशावर उभी केली तर पहिल्याच पुलाखाली ती जाईल. म्हणून फायबरग्लासच्या दांड्यावर तार गुंडाळून लांबी आखूड केलेले तीन-चार फुटांचे अँटेना वापरतात. घेताना एवढं बघा की तार वरच्या टोकाकडे जास्त गुंडाळलेली आहे, म्हणजे काम करणारा भाग कॅबच्या छताच्या वर राहतो. अँटेनाचा बराचसा भाग छताच्या खाली लपला, तर पलीकडच्या बाजूचं ऐकू येत नाही. उंचीही मोजा. १३ फूट ६ इंचांच्या खाली टोक राहिलंच पाहिजे.

एक की दोन अँटेना? दोन लावले तर पुढच्या आणि मागच्या दिशेला जास्त ताकद मिळते, आणि हायवेवर तीच दिशा कामाची. पण दोघांमध्ये साधारण नऊ फूट अंतर असावं लागतं. मोठ्या ट्रकच्या दोन आरशांमध्ये ते जवळपास मिळतं, पिकअपवर मिळत नाही. दोन लावायचे तर खास दोघांसाठी बनवलेली जोडकेबल घ्या आणि तिचा एकही हात कापू नका. दोन्ही हातांची लांबी सारखी राहणं हाच तिचा जीव आहे. पहिल्यांदाच बसवणार असाल तर एकच अँटेना लावा, आणि तो डाव्या आरशावर, म्हणजे जुळवताना हात पोचतो.

अर्थिंगवर मी सर्वात जास्त वेळ घालवतो. अँटेना हा अर्धाच भाग असतो, उरलेला अर्धा भाग ट्रकचं लोखंड. आरसा दारावर असतो, दार बिजागरीवर, बिजागरीत ग्रीस आणि रंग. या वाटेने जोड भरवशाची होत नाही. म्हणून ब्रॅकेटखालचा रंग खरवडून धातू उघडा करा आणि दारापासून कॅबच्या पत्र्यापर्यंत विणलेल्या तारेची चपटी पट्टी बोल्टने घट्ट बसवा. दार उघडताना ती ताणली जाणार नाही इतपत ढिली ठेवा. कॅब फायबरची किंवा आरशाचं ब्रॅकेट प्लास्टिकचं असेल, तर ही पट्टी चेसिसपर्यंत न्यावी लागते.

बसवून झालं की मल्टिमीटर घ्या. अँटेना काढून ठेवा. ब्रॅकेट आणि चेसिस यांच्यामध्ये मीटर वाजला पाहिजे. केबलचा मधला खिळा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये तो वाजता कामा नये. वाजला तर तुम्हीही माझ्यासारखाच वॉशर चुकवला आहे, किंवा केबल कुठेतरी दारात चेमटली आहे. हे तपासणं एक मिनिटाचं काम आहे. मी तेव्हा केलं असतं तर आर्लिंग्टनच्या पुढे मला पूर्ण वाक्य ऐकू आलं असतं.

केबल दाराच्या रबराखालून नेताना सैल वळण द्या, काटकोनात दुमडू नका. उरलेली केबल घट्ट गुंडाळी करून तारेने बांधू नका, मोठ्या सैल वेटोळ्यात कप्प्यात ठेवा. बाहेरच्या जोडावर पाणी जाऊ नये म्हणून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. पाणी शिरलेली केबल वरून चांगली दिसते आणि आतून कुजते.

वीज सोपी आहे. बोलताना रेडिओ साधारण २ अँपिअर घेतो. तयार खिळे असतील तर लाल लालला, काळा काळ्याला. नसतील तर तारा थेट बॅटरीपर्यंत न्या आणि लाल तारेत फ्यूज बॅटरीच्या जवळ घाला. फ्यूज रेडिओशी असेल आणि तार वाटेत कुठे घासली, तर मधल्या तारेला वाचवायला कोणी नसतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेऊ नका. खड्ड्यात प्लग हलला की रेडिओ बंद पडतो आणि इंजिनाची शिट्टीही तिथूनच जास्त येते.

आता एसडब्ल्यूआर, म्हणजे रेडिओने पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत फिरते याचं माप. आकडा १.५ असेल तर सुमारे ४ टक्के परत येते, २ असेल तर ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. परत आलेली ताकद रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवते. म्हणून अँटेना न जोडता बोलण्याचं बटण कधीही दाबू नका, एकदासुद्धा नाही. मीटर रेडिओ आणि केबल यांच्यामध्ये आखूड तारेने जोडा. ट्रक मोकळ्या जागी उभा करा, दुसऱ्या ट्रकांपासून आणि लोखंडी शेडपासून लांब, आणि दारं बंद. मग चॅनेल १, १९ आणि ४० वर क्रमाने माप घ्या. चॅनेल ४० वरचा आकडा चॅनेल १ वरच्यापेक्षा जास्त आला तर अँटेना लांब आहे. चॅनेल १ वरचा जास्त आला तर आखूड आहे. टोकाला फिरवायचा स्क्रू असतो, तो एकेक फेरा फिरवत पुन्हा माप घ्या. कापायचा अँटेना असेल तर पाव इंचापेक्षा जास्त एका वेळी कापू नका. तिन्ही चॅनेलांवर दीडच्या आसपास आला की थांबा. २ च्या खाली असेल तरी रेडिओला धोका नाही. तिन्हींवर ३ च्या वर असेल तर लांबीला हात लावू नका, तिथे अर्थिंग किंवा शॉर्टचा दोष असतो.

पहिल्या दिवशी बोलायची घाई करू नका. आरएफ गेन पूर्ण उघडा, स्क्वेल्च इतकाच फिरवा की खरखर थांबेल. त्याहून पुढे नेलात तर लांबचे आवाज कापले जातात. कधी कधी शेकडो मैलांवरचे आवाज आकाशातून परतून येतात आणि चॅनेल भरून टाकतात. तेव्हा गेन थोडा उतरवा, जवळचे ट्रक मोकळे होतात. ऐकताना शब्द आपोआप अंगवळणी पडतात. ‘चिकन कूप’ म्हणजे वजनकाटा, ‘बेअर’ म्हणजे पोलीस, ‘ॲलिगेटर’ म्हणजे रस्त्यात पडलेला फुटक्या टायरचा तुकडा, ‘हॅमर लेन’ म्हणजे डावीकडची जलद लेन. ‘तुझा ट्वेंटी काय’ असं विचारलं तर तुम्ही कुठे आहात ते सांगायचं, शक्यतो माइल मार्करने, म्हणजे रस्त्याकडेच्या मैलाच्या पाटीवरच्या आकड्याने. काही कारखाने आणि खाणी आत शिरतानाच ठरावीक चॅनेलवर यायला सांगतात, दरवाजाचा नंबर तिथेच मिळतो.

बोलताना माइक तोंडापासून दोन-तीन इंच ठेवा, बटण दाबून क्षणभर थांबा आणि मगच पहिला शब्द उच्चारा, नाहीतर तो कापला जातो. इशारा देताना दिशा आधी, मग माइल मार्कर, मग काय झालं ते. आणि दोनदा सांगा, कारण समोरच्याचा वॉशर कसा बसला आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

आरसा बदलला, दाराचं काम झालं, किंवा एखाद्या फांदीने अँटेना वाकवला, की मीटर पुन्हा लावा. मी हिवाळ्याच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, न चुकता एकदा लावतो. गेल्या वर्षी त्यात आकडा २.६ निघाला. पट्टीचा बोल्ट गंजला होता. बदलला, १.४ वर आला.