माती परीक्षणाचा नमुना असा घ्या

एका एकराच्या वरच्या वीतभर थरात साधारण 10 लाख किलो माती असते. प्रयोगशाळेत जाते त्यातली अर्धा किलो. ती नीट घेतली नाही तर अहवाल येतो, पण भलत्याच जमिनीचा.

रब्बीचे पीक निघाल्यावर, नांगरटीच्या आधी नमुना घ्यावा. नुकतेच खत घातले असेल तर दोन-तीन महिने थांबा.

आधी शेत फिरून भाग पाडा. काळी भारी, मुरमाड, चिबड (पाणी साचून राहणारी), पांढरी पडलेली अशा प्रत्येक जमिनीचा नमुना वेगळा. पैसे वाचवायला सगळी एकत्र केली, तर येणारी सरासरी कुठल्याच तुकड्याला लागू पडत नाही.

मग नागमोडी चालत प्रत्येक भागात 8-10 जागा निवडा. बांध, झाडाखालची सावली, विहिरीचा काठ, उकिरडा, गुरे बसण्याची जागा टाळा. वरचा काडीकचरा बाजूला करून ‘व्ही’ आकाराचा 20-22 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. आतली माती फेकून द्या आणि खड्ड्याच्या कडेची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घ्या. जस्त, लोह तपासायचे असेल तर गंजके खुरपे नको. लाकडी कामटी आणि प्लास्टिकचे घमेले बरे. फळबागेसाठी 30, 60 आणि 90 सेंटिमीटरपर्यंतच्या थरांचे वेगवेगळे नमुने लागतात.

सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळा, खडे-मुळ्या काढा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. माती ओली असेल तर सावलीत वाळवा. कापडी पिशवीत भरा, खताच्या गोणीत कधीच नाही. चिठ्ठीवर नाव, गाव, गट क्रमांक, तारीख, मागचे आणि पुढचे पीक लिहा.

अहवाल आला की बहुतेकांची नजर नत्र, स्फुरद, पालाशवर जाते. माझ्या मते आधी सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन, बघावा. तो 0.40 टक्क्यांच्या खाली असेल तर पाचट जाळणे बंद करा आणि पाण्याची सोय असल्यास ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके पेरून फुलोऱ्याच्या सुमारास मातीत गाडा. सामू (पीएच) 8.5 च्या वर गेला असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट आणि पाणी न मुरणारी, होत आहे. तिथे निचऱ्याची चर काढल्याशिवाय ती सुधारण्यासाठी जिप्समवर खर्च करू नका.

अहवाल जपून ठेवा. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासाल तेव्हा त्याच भागातून, त्याच हंगामात नमुना घ्या, तरच आकड्यांची तुलना करता येईल.