पानाच्या तुकड्यांभोवती अ‍ॅग्रो (अ‍ॅग्रोबॅक्टेरियम, वनस्पतीत जीन घालायला वापरतात तो जिवाणू) परत परत येत होता, शेवटी असा गेला (माझा अनुभव)

तंबाखूच्या लीफ डिस्क (पानाचे गोल तुकडे), अ‍ॅग्रोचा स्ट्रेन एजीएल१. को-कल्टिव्हेशननंतर (डिस्क आणि अ‍ॅग्रो एकत्र वाढवून झाल्यावर) सिलेक्शन प्लेटवर (जीन गेलेल्या पेशीच वाढाव्यात म्हणून अँटिबायोटिक घातलेल्या) चार-पाच दिवसांत कडेला दुधाळ चिकट रिंग यायची आणि डिस्क सडायची. कार्बेनिसिलिन (अ‍ॅग्रो मारायचं अँटिबायोटिक) ५०० मिग्रॅ/लिटरवर नेलं, धुणं वाढवलं, ओडी (अ‍ॅग्रो कल्चरची दाटी) कमी केली, काही फरक नाही. वैताग आला होता नुसता.

कारण स्ट्रेनमध्येच आहे. एजीएल१ चा रेकए जीन त्यात बीएलए (कार्बेनिसिलिन तोडणाऱ्या एन्झाइमचा जीन) घालून बंद केलाय, म्हणजे तो कार्बेनिसिलिनला मुळातच रेझिस्टंट, मग डोस कितीही वाढवा.

चाललं ते असं: को-कल्टिव्हेशन दोनच दिवस, २५ डिग्री, अंधारात. मग डिस्क टिमेन्टिन (टिकार्सिलिन अधिक ते एन्झाइम अडवणारं क्लॅव्ह्युलॅनेट) ५०० मिग्रॅ/लिटर घातलेल्या स्टराइल पाण्यात, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायच्या, आणि स्टराइल फिल्टर पेपरवर दोन्ही बाजूंनी नीट टिपायच्या, कारण कडेला राहिलेल्या थेंबातूनच रिंग सुरू होते. मग सिलेक्शन प्लेट: एमएस (टिश्यू कल्चरचा नेहमीचा मीडिया), त्यात बीएपी १ आणि एनएए ०.१ (दोन्ही वाढीची हार्मोन्स), कॅनामायसिन १०० (जीन न गेलेल्या पेशी रोखायला), टिमेन्टिन ३०० (हे आकडे मिग्रॅ/लिटर). दोन्ही अँटिबायोटिक फिल्टर-स्टराइल करून, मीडिया ऑटोक्लेव्हनंतर ५० डिग्रीच्या आसपास आला की घालायची. टिमेन्टिनचा स्टॉक छोट्या ट्यूबमध्ये उणे २० ला, एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही. दर १०-१२ दिवसांनी ताजी प्लेट, डिस्क स्वच्छ दिसल्या तरी, कारण प्लेटमधलं टिमेन्टिन हळूहळू उतरतं. शूट (कोंब) रूटिंगला, म्हणजे मुळं फुटायच्या मीडियावर, गेले तरी टिमेन्टिन चालूच ठेवा.