डिसेंबरचा अर्ज मे महिन्यात सुरू होतो

आपल्याकडे निकाल लागतो, मार्कशीट हातात येते आणि मग प्रवेशाची धावपळ सुरू होते. अमेरिकेतल्या क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीला ही सवय महागात पडते. तिथे वर्ग ऑगस्टच्या सुमारास भरतात, पण बहुतेक विद्यापीठं आदल्या डिसेंबरच्या १ ते १५ तारखेदरम्यान अर्ज बंद करतात. काही तर नोव्हेंबर संपेपर्यंतही थांबत नाहीत. म्हणजे एमएच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर तिसऱ्या सत्राची परीक्षा देता देताच अर्ज जायला हवा. म्हणून डिसेंबरपासून मागे मोजत या.

मे ते जुलै यादी करा. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, तिथली मानसशास्त्रज्ञांची संघटना) मान्यता नसलेले अभ्यासक्रम मी सरळ बाजूला ठेवीन, कारण पुढे इंटर्नशिप आणि परवाना मिळवताना ते अडचणीचे ठरतात. पीएचडीला बहुधा फी माफ होते आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. साय-डीचा (संशोधनापेक्षा प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी डॉक्टरेट) खर्च मात्र बहुतेकदा आपल्याच खिशातून. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण व्हायला किती वर्षं लागतात, इंटर्नशिप किती जणांना मिळते, मध्येच किती जण सोडतात, ही आकडेवारी संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. रँकिंगच्या याद्या चाळण्यापेक्षा ती वाचा.

ऑगस्ट-सप्टेंबर प्राध्यापकांसाठी राखून ठेवा. खरी मेख इथेच आहे. अनेक ठिकाणी प्रवेश विद्यापीठापेक्षा एखाद्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये मिळतो. ज्यांच्या कामाशी तुमचा विषय जुळतो, ते येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का, हे त्यांच्या पानावर पाहा. लिहिलेलं नसेल तर पाच-सहा ओळींची ईमेल करा: तुम्ही कोण, प्रबंधात काय केलंत, त्यांच्या कामातलं नेमकं काय पटलं आणि या वर्षी जागा आहे का. ते घेणार नसतील, तर अर्जाचं शुल्क पाण्यात. आणि सांगण्यासारखं संशोधन अजून हाताशी नसेल, तर खुशाल एक वर्ष थांबा, कुठल्या तरी प्रकल्पावर काम करा. घाईने केलेल्या दहा अर्जांपेक्षा ते वर्ष जास्त कामाला येतं.

जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत, पण यादीतलं एकेक नाव तपासा. द्यावीच लागली तर सप्टेंबरपर्यंत उरका. पुन्हा द्यायची वेळ आली तर मध्ये २१ दिवस जावे लागतात. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण २ वर्षंच चालतात, हेही लक्षात असू द्या.

आता शिफारसपत्रं. बहुतेक ठिकाणी तीन लागतात आणि ऐन मागायच्या वेळी आपली दिवाळी येते. माझ्या भाचीने सरांना सुट्टीच्या आदल्या दिवशी सांगितलं. सर गावी गेले. पत्र अपलोड करण्यासाठी विद्यापीठाकडून आलेली लिंक त्यांच्या स्पॅममध्ये पडून राहिली. शेवटच्या रात्री तिने घरच्या लँडलाइनवर फोन लावला, तेव्हा सरांच्या आईने आधी फराळाची चौकशी केली, मग सरांना उठवलं. तुम्ही सप्टेंबरमध्येच विचारा. सोबत बायोडेटा, प्रबंधाचा सारांश आणि तारखांचा तक्ता द्या, आणि पहिली लिंक गेली की 'सर, मेल दिसली का?' असं बेधडक विचारा.

मुदतीची वेळही नीट वाचा. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार १ डिसेंबरचे रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे २ डिसेंबरचे सकाळी १०:२९. हा जास्तीचा वेळ मोहात पाडतो. सर्व्हर नेमका तेव्हाच रेंगाळतो. दोन दिवस आधी पाठवून मोकळे व्हा.

मुलाखती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होतात. तिथले सकाळचे १० म्हणजे आपले रात्री ८:३०, हे ठीक. पण दुपारचे ४ म्हणजे मध्यरात्रीनंतरचे २:३०. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलाखतीत मागून 'अजून जागीच?' ऐकू येतं.

आर्थिक मदतीसह जागा मिळाली, तर बहुतेक विद्यापीठं उत्तरासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. जिथे जायचं नाही तिथे लगेच नकार कळवा; त्या जागेकडे प्रतीक्षा यादीतलं कुणीतरी डोळे लावून बसलेलं असतं. होकार दिला की आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) आणि व्हिसाच्या मागे लागा. आपला पदवीदान समारंभ उशिरा होतो, तेव्हा निकाल लागताच प्रोव्हिजनल सर्टिफिकेटचा अर्ज करून टाका.