जुन्या पीसीवर लिनक्स टाकताय? आधी या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि पीसी विंडोज ११ घेत नाही म्हणून सांगलीतले बरेच दुकानदार विचारतायत की लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू का. टाका की, मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचेच दोन प्रकार) जुन्या मशीनवरही मस्त चालतं, फक्त घाई करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी फॉरमॅट मारायचा आणि मग काय काय अडलं ते बघायचं. मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान असेल तर सगळं काम टॅलीवर, आणि टॅलीचं लिनक्ससाठी वेगळं व्हर्जन नाही. त्यात कॅनन एलबीपी २९०० सारखा प्रिंटर असला तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि तो भयंकर डोकं खातो. जीएसटीच्या सहीचं यूएसबी टोकन, श्रीलिपी फॉन्टमध्ये टाईप केलेली जुनी पत्रं (फॉन्ट नसेल तर नुसती गिचमिड दिसते), हे पण बघायला पाहिजे. म्हणून आधी पेनड्राईव्हवरून लाइव्ह मोडमध्ये (म्हणजे इन्स्टॉल न करता) चालवा, हार्डडिस्कला हात लावायचा नाही, वायफाय लागतंय का बघा, ड्रायव्हर टाकून शेतकऱ्याची एक पट्टी (माल विकल्याचा हिशोब) प्रिंट मारून बघा. पट्टी निघाली नाही तर सौद्याच्या दिवशी कोण थांबणारे तुमच्यासाठी? आणि डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये नको.

लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) ऑफिशियल साईटवरूनच घ्या आणि चेकसम जुळवा, म्हणजे साईटवर दिलेला फाईलचा कोड आणि तुमच्या फाईलचा कोड एकच आहे का बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटची साईट हॅक करून लोकांना बॅकडोअरवाली (हॅकरसाठी चोरवाट ठेवलेली) आयएसओ दिली होती, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक तर नकोच.

आता कायद्याचं. लिनक्स कितीही मशीनवर टाका, लायसन्सचे पैसे नाहीत, आणि टाकून देणाऱ्याने मजुरी घेतली तरी ते पूर्ण कायदेशीर आहे. पण फुकट म्हणजे बिननियमाचं नव्हे. लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) जीपीएल २ या लायसन्सखाली आहे, म्हणजे तुम्ही त्यात बदल करून बिलिंग मशीन म्हणून विकलं तर गिऱ्हाईकाला त्या कर्नलचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) द्यावाच लागतो. उबुंटूत बदल करून परत उबुंटू याच नावाने विकायचं असेल तर उबुंटूच्या कंपनीची परवानगी लागते, कारण नाव ट्रेडमार्क आहे. आणि काहीजण लिनक्स टाकून वर वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर चालवतात, ते अजिबात करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर माहीत असून वापरलं तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी वापरत नसाल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण दुकान म्हटलं की धंदाच.

टॅलीसाठी विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्सही टाकणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसायला लागलं तर बॅटरी बदलू नका, लिनक्स हार्डवेअरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं म्हणून तसं होतं, लिनक्समध्ये ते लोकल टाइमवर करा. आणि विंडोजचा ड्राईव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येतोय, सेव्ह होत नाही असं झालं तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि एकदा नीट शटडाउन करा.