मायक्रोकंट्रोलरच्या सी लायब्ररीत सिग्नल हँडलिंग कसं बसवावं

एसटीएम३२ सारख्या चिपवर पहिल्यांदा प्रोजेक्ट बिल्ड करणाऱ्याला लिंकरची (कोडचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामची) एक तक्रार कधी ना कधी ऐकावीच लागते: 'अंडरस्कोर किल' सापडत नाही, 'अंडरस्कोर गेटपीआयडी' सापडत नाही. आपण कुठूनतरी दोन पोकळ फंक्शनं आणून चिकटवतो, एरर जाते आणि आपण पुढच्या कामाला लागतो. मीही अनेक वर्षं हेच करत होतो. मग एका शेतपंपाच्या कंट्रोलरमध्ये रात्री एक असर्ट (कोडमधली 'हे खरं असायलाच हवं' अशी तपासणी) फसला. असर्टने अबॉर्टला (प्रोग्राम मध्येच थांबवणाऱ्या फंक्शनला) बोलावलं, अबॉर्टने रेझला (सिग्नल उठवणाऱ्या फंक्शनला), रेझने किलला. आमचं किल उणे एक परत देऊन मोकळं झालं. अबॉर्ट शेवटी एक्झिटमध्ये शिरलं आणि तिथे होता कधीच न संपणारा लूप. वॉचडॉगला (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणाऱ्या टायमरला) थोपटायचं काम आम्ही टायमरच्या इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) ठेवलं होतं, त्यामुळे तोही गप्प. सकाळी विहिरीत पाणी नव्हतं आणि मोटर चालूच होती.

म्हणजे सी लायब्ररीत सिग्नलची (प्रोग्रामला काहीतरी घडल्याचं क्रमांकाने कळवणारी) यंत्रणा असतेच, फक्त तिचं खालचं टोक आपण सोडलेलं असतं. ते कसं बांधायचं ते इथे सांगतो. चिप कॉर्टेक्स-एम३ किंवा एम४ आणि लायब्ररी न्यूलिब असं धरलं आहे. फंक्शनांची आणि रजिस्टरांची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत.

आधी किती करायचं ते ठरवा

लिनक्सवरचे तीस-बत्तीस सिग्नल विसरा. सीच्या १९८९ च्या मानकात सहाच आहेत: सिगअबर्ट, सिगएफपीई, सिगइल, सिगइंट, सिगसेग्व आणि सिगटर्म. फंक्शनं दोनच, सिग्नल आणि रेझ. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या कंपायलरवर तर मानक सिग्नलच्या हेडरची (या फंक्शनांची घोषणा असलेल्या फाइलची) सक्तीही करत नाही. मग कशाला बसवायचं? कारण असर्ट आणि अबॉर्ट याच वाटेने जातात, आणि भागाकारात शून्य (सिगएफपीई), चुकीचा पॉइंटर (सिगसेग्व), बिघडलेली सूचना (सिगइल) या तिन्ही गोष्टींसाठी मानकात आधीच नावं ठरलेली आहेत. स्वतःची नवी नावं काढण्यापेक्षा ती वापरलेली बरी.

टेबल आणि दोन फंक्शनं

न्यूलिबचं सिग्नल फंक्शन पहिल्या वापराला मॅलॉक करून (चालू असताना मेमरी मागून) हँडलरांच्या, म्हणजे सिग्नल आल्यावर चालवायच्या फंक्शनांच्या, ३२ पॉइंटरांचं टेबल बनवतं, म्हणजे १२८ बाइट. छोट्या चिपवर मला हे पटत नाही. जी यंत्रणा मेमरी बिघडल्यावर कामी यायची, तिनेच मेमरी मागायला निघणं विचित्र आहे. १६ पॉइंटरांचा स्टॅटिक अ‍ॅरे घ्या, ६४ बाइटांत भागतं. न्यूलिबमध्ये सहा सिग्नलांचे क्रमांक २, ४, ६, ८, ११ आणि १५ आहेत, तेव्हा क्रमांक थेट इंडेक्स म्हणून चालतो. बाकीच्या क्रमांकांना सिग्नल फंक्शनने एररची किंमत परत द्यावी.

टेबलात शून्य म्हणजे डीफॉल्ट, एक म्हणजे दुर्लक्ष. एक हा आकडा खऱ्या फंक्शनचा पत्ता निघाला तर? या चिपवर फंक्शनच्या पॉइंटरचा शेवटचा बिट नेहमी एक असतो, म्हणून एक या पॉइंटरचा अर्थ शून्य पत्त्यावरचं फंक्शन. तिथे व्हेक्टर टेबल (इंटरप्टच्या फंक्शनांच्या पत्त्यांची यादी) बसलेलं असतं, कोड नसतो. काळजी मिटली.

रेझचं काम सोपं आहे. टेबलातली नोंद वाचा. दुर्लक्ष असेल तर शून्य परत द्या. डीफॉल्ट असेल तर खाली सांगितलेली डीफॉल्ट कृती करा. हँडलर असेल तर आधी नोंद पुन्हा डीफॉल्ट करा आणि मग हँडलर बोलवा. हा क्रम उलटा करू नका. हँडलरमध्येच तोच दोष पुन्हा उद्भवला तर डीफॉल्ट कृती व्हायला हवी, नाहीतर बोर्ड स्वतःभोवती गरगरत बसेल. आणखी एक: रेझ इंटरप्टमधून बोलावलं गेलं असेल (आयपीएसआर, म्हणजे चालू इंटरप्टचा क्रमांक सांगणारं रजिस्टर, शून्य नसेल) तर हँडलर चालवू नका, फक्त प्रलंबित म्हणून खूण करा.

लिंकिंगची एक खोच आहे. न्यूलिबमध्ये सिग्नल, रेझ आणि त्यांची 'अंडरस्कोर आर' लावलेली भावंडं एकाच ऑब्जेक्ट फाइलमध्ये राहतात. तुमचं स्वतःचं रेझ असेल तर लिंकर तेच घेतो. पण कोणी 'अंडरस्कोर रेझ आर' थेट बोलावलं, तर ती अख्खी फाइल आत येते आणि दोन-दोन व्याख्यांचं भांडण सुरू होतं. अशा वेळी दुहेरी व्याख्या चालवून घेणारा लिंकरचा पर्याय लावू नका. बोलावणारा शोधून काढा.

डीफॉल्ट कृती

लिनक्सवर प्रोसेस मरते आणि शेलला कळतं. इथे बघायला कोणी नसतं. म्हणून चिठ्ठी लिहून ठेवायची आणि रिसेट करायचा. लिंकर स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला शून्य न होणारा रॅमचा तुकडा काढा. त्यात पाच शब्द ठेवा: ओळखीचा आकडा, सिग्नलचा क्रमांक, पीसी (चालू सूचनेचा पत्ता), एलआर (परतीचा पत्ता) आणि सीएफएसआर (दोषाचं कारण सांगणारं रजिस्टर). एकूण २० बाइट. मग सीएमसिसमधलं (एआरएमच्या तयार लायब्ररीतलं) सिस्टिम रिसेटचं फंक्शन बोलवा. बोर्ड उठल्यावर ओळखीचा आकडा जुळला तर चिठ्ठी छापा आणि तो पुसून टाका. पीसीची किंमत बिल्डमधून निघणाऱ्या एल्फ फाइलबरोबर अ‍ॅडरटूलाइनला (पत्त्यावरून कोडची ओळ सांगणाऱ्या साधनाला) दिली की दोष कुठल्या ओळीत झाला ते कळतं. दुसरं काहीच करायला वेळ नसेल तर एवढं तरी करा. त्या पंपावर हे असतं तर माझे चार दिवस वाचले असते.

फॉल्टपासून सिग्नलपर्यंत

इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा थांबतो.

रीसेटनंतर युसेज, बस आणि मेमरी हे तीन फॉल्ट (प्रोसेसरने स्वतः पकडलेले दोष) बंद असतात, आणि सगळं हार्डफॉल्ट या एकाच फॉल्टमध्ये जमा होतं. एसएचसीएसआर रजिस्टरमधले १६, १७ आणि १८ हे बिट लावून ते वेगळे करा. शून्याने भागलं तर एम४ मुकाट्याने उत्तर शून्य देतो. ते पकडायचं तर सीसीआर रजिस्टरमधला बिट ४ लावावा लागतो. तो लावला तरी ६४ बिटांचा भागाकार सुटतो, कारण तो हार्डवेअर करत नाही, कंपायलरची मदत-लायब्ररी करते. भाजक शून्य दिसला की ती 'एईएबीआय एलडिव्ह झिरो' नावाचं फंक्शन बोलावते. ते स्वतः लिहून त्यातून सिगएफपीई रेझ करा. एम० वर भागाकाराची सूचनाच नाही, तिथे ३२ बिटांसाठीही त्याचा भाऊ 'आयडिव्ह झिरो' लिहावा लागतो. आणि सिगएफपीईच्या नावात फ्लोटिंग पॉइंट असलं तरी फ्लोटला शून्याने भागल्यावर अनंत मिळतं, सिग्नल येत नाही.

कारण शोधायला सीएफएसआर वाचा. बिट २५ लागला असेल तर सिगएफपीई, १६ असेल तर सिगइल, बस आणि मेमरीचे असतील तर सिगसेग्व. वाचून झालं की तीच किंमत परत लिहून बिट पुसा. हे बिट आपोआप जात नाहीत, आणि पुढच्या फॉल्टला जुनं कारण नव्याबरोबर दिसतं.

आता प्रश्न हँडलर चालवायचा कुठून. सरळ सुचतं ते असं: फॉल्टच्या फंक्शनमधूनच बोलवा. तसं केलं की हँडलरमधला प्रिंटएफ अडकतो. युसेज फॉल्टचा अग्रक्रम न बदलता ठेवला तर तो शून्य, म्हणजे बदलता येणाऱ्यांत सगळ्यात वरचा. त्या काळात युआर्टचा (सिरियल पोर्टचा) इंटरप्ट चालत नाही, बफर भरतो आणि प्रिंटएफ तो रिकामा व्हायची वाट बघत बसतो. सिस्टिकही (वेळ मोजणारा टायमर) थांबलेला, त्यामुळे डिले फंक्शनही अडकतं. तिथून लाँगजंप केलं (आधी खूण केलेल्या जागी थेट उडी मारली) तर प्रोसेसरच्या मते आपण अजून फॉल्टमध्येच असतो.

म्हणून युनिक्सचा कर्नल जे करतो तेच लहान प्रमाणात करा: फॉल्टमध्ये हँडलर चालवूच नका, परतीचा पत्ता बदला आणि बाहेर पडा.

फॉल्टमध्ये शिरताना प्रोसेसर आठ शब्द स्टॅकवर ठेवतो: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर (प्रोसेसरच्या स्थितीचं रजिस्टर). ही झाली फ्रेम. कुठल्या स्टॅकवर, ते एलआरमध्ये आलेल्या परतीच्या कोडचा बिट २ सांगतो. शून्य असेल तर मुख्य स्टॅक, एक असेल तर प्रोसेस स्टॅक. असेंब्लीच्या चार-पाच ओळींत तो पॉइंटर आर० मध्ये आणि परतीचा कोड आर१ मध्ये घेऊन सीच्या फंक्शनमध्ये उडी मारा. पुढचं सीमध्ये:

१. परतीच्या कोडचा बिट ३ शून्य असेल तर फॉल्ट एखाद्या इंटरप्टच्या आत झाला आहे. तिथे खेळ करू नका. थेट डीफॉल्ट कृती.

२. सीएफएसआरमध्ये बिट ४ किंवा १२ लागला असेल तर स्टॅकवर ठेवतानाच गडबड झाली आहे, बहुधा स्टॅक ओव्हरफ्लो. फ्रेममधल्या कशावरही विश्वास ठेवू नका. पीसी, एलआरच्या जागी शून्य लिहून रिसेट करा.

३. जुना पीसी आणि एलआर चिठ्ठीत उतरवा.

४. फ्रेममधल्या आर० च्या जागी सिग्नलचा क्रमांक लिहा. पीसीच्या जागी ट्रॅम्पोलीन (हँडलरकडे नेणाऱ्या, खाली सांगितलेल्या) फंक्शनचा पत्ता, शेवटचा बिट शून्य करून.

५. एक्सपीएसआरच्या जागी फक्त बिट २४ लावलेली किंमत लिहा.

६. सीच्या फंक्शनमधून परत या.

पाचव्या पायरीत माझा एक शनिवार गेला. जुना एक्सपीएसआर जपलेला बरा असं वाटून मी तो तसाच ठेवला होता. हँडलर चालायचा, मजकूर छापायचा, पण प्रिंटएफमधला टक्का-एफ (दशांशी आकडा छापणारा) मध्येच भलताच आकडा दाखवायचा. प्रत्येक वेळी नाही, म्हणूनच सापडेना. दोष असा: फॉल्टच्या क्षणी स्टॅक पॉइंटर ८ च्या पटीत असेलच असं नाही. तो नसला तर प्रोसेसर ४ बाइटांची फट सोडून फ्रेम ठेवतो आणि एक्सपीएसआरच्या बिट ९ मध्ये तशी खूण करतो. परतताना खूण बघून फट काढून घेतो, आणि आपलं ट्रॅम्पोलीन ४ च्या पटीतल्या स्टॅकवर सुरू होतं. डबल (८ बाइटांचा दशांशी आकडा) मात्र ८ च्या पटीत आहे असं समजून प्रिंटएफ भलतीकडेच वाचतो. खूण पुसली की फट तशीच राहते, ४ बाइट वाया जातात, स्टॅक सरळ मिळतो. फॉल्ट एखाद्या आयटी ब्लॉकमध्ये (अटीवर चालणाऱ्या सूचनांच्या गटात) झाला असेल तर त्याचे बिटही याच एका लिहिण्यात पुसले जातात, नाहीतर ट्रॅम्पोलीनच्या पहिल्या एक-दोन सूचना गाळल्या जाऊ शकतात.

ट्रॅम्पोलीन हे साधं सीचं फंक्शन. त्यात पहिली ओळ इंटरप्ट चालू करणारी हवी. इंटरप्ट बंद असताना फॉल्ट झाला तर तो हार्डफॉल्ट होऊन येतो आणि परत गेल्यावरही इंटरप्ट बंदच राहतात. (हार्डफॉल्टलाही म्हणूनच ही सगळी वाट जोडा.) मग टेबलातली नोंद वाचा, डीफॉल्ट करा, हँडलर बोलवा. हँडलर परत आला तर डीफॉल्ट कृती. फॉल्टमुळे आलेल्या सिग्नलचा हँडलर परत आला तर पुढे काय होईल याची हमी सीचं मानक देत नाही, आणि नोंदीत दुर्लक्ष लिहिलेलं असलं तरी इथे ते मानू नका. बिघडलेल्या सूचनेकडे दुर्लक्ष करून प्रोसेसर जाणार कुठे?

बाहेरून येणारे सिग्नल

सिगइंट म्हणजे युआर्टवर आलेला कंट्रोल-सी, बाइटची किंमत ३. सिगटर्म मी बॅटरी उतरल्याच्या इंटरप्टला जोडतो. इथे फ्रेम बदलायचा मोह टाळा. फॉल्टनंतर जुन्या कोडकडे परत जायचं नसतं, इथे जायचं असतं, आणि त्यासाठी प्रत्येक रजिस्टर, फ्लॅगसकट, जसंच्या तसं परत ठेवावं लागतं. छोट्या लायब्ररीला हा उद्योग परवडत नाही. प्रत्येक सिग्नलला एक व्होलाटाइल (कंपायलरने दर वेळी मेमरीतूनच वाचायचा) बाइट ठेवा. इंटरप्टने त्यात १ लिहावं, आणि मुख्य लूपने व वाट बघणाऱ्या रीड फंक्शनने तो तपासावा. बिटमास्क (सगळ्या खुणा एकाच आकड्याच्या बिटांत) घेतला तर वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये इंटरप्ट घुसू शकतो, वेगळ्या बाइटांना ती भीती नाही. आधी बाइट शून्य करा, नंतर हँडलर बोलवा. उलटं केलं तर हँडलर चालू असताना आलेला दुसरा कंट्रोल-सी हरवतो.

तपासणी

भागाकाराची चाचणी लिहिताना दोन्ही आकडे व्होलाटाइल ठेवा, नाहीतर कंपायलर तो भागाकारच उडवून टाकू शकतो. सिगएफपीईचा हँडलर नोंदवा, त्यात टक्का-एफने एक डबल छापा आणि लाँगजंपने बाहेर या. हे वीसएक वेळा, निरनिराळ्या फंक्शनांच्या आतून करून बघा, म्हणजे स्टॅकच्या दोन्ही स्थिती येऊन जातात. दर वेळी हँडलर पुन्हा नोंदवायला विसरू नका. एकदा मुद्दाम विसरा: दुसऱ्या भागाकाराला बोर्ड रिसेट व्हायला हवा, आणि उठल्यावर चिठ्ठीत सिग्नल क्रमांक ८ व त्या भागाकाराचीच ओळ दिसायला हवी.