ग्रंथालयातील ई-पुस्तक, श्राव्यपुस्तक आणि स्वप्रकाशित लेखकाचा मोबदला

आपले पुस्तक ग्रंथालयात गेले म्हणजे वाचक ते फुकट वाचणार आणि आपल्या हाती काही लागणार नाही, असा समज स्वतःची पुस्तके स्वतः प्रकाशित करणाऱ्या अनेक लेखकांमध्ये पक्का बसलेला आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांतील सार्वजनिक ग्रंथालयांपुरते बोलायचे तर तो खरा नाही. तेथे वाचकाला पुस्तक विनामूल्य मिळते, पण त्याच्या वतीने ग्रंथालय पैसे मोजते आणि त्यातला ठरलेला वाटा लेखकापर्यंत येतो. तो किती येईल हे पुष्कळ अंशी लेखकाने सुरुवातीला भरलेल्या दोन-तीन रकान्यांवर अवलंबून असते, आणि दुर्दैवाने नेमके तेच रकाने घाईघाईत भरले जातात. पुणे, पणजी किंवा न्यू जर्सीत बसून मराठीत वा इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला ही व्यवस्था नीट समजावी आणि तिचा उपयोग करून घेता यावा, यासाठी हे लेखन आहे.

पहिली गोष्ट अशी की ग्रंथालय ई-पुस्तक विकत घेत नाही, ते त्याचा परवाना घेते. छापील प्रत एकदा विकत घेतली की ती कितीही वेळा सभासदांना देण्याचा अधिकार अमेरिकी कायद्याने ग्रंथालयाला दिलेला आहे. डिजिटल प्रतीला तो अधिकार लागू होत नाही. त्यामुळे पुस्तक किती काळ, किती जणांना आणि किती वेळा द्यायचे, हे सारे करारात लिहिलेले असते. या करारांच्या अटी बड्या प्रकाशकांनी फार कडक केल्या आहेत. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये एका परवान्यावर २६ वेळाच पुस्तक देता येईल अशी मर्यादा घातली. एका वाचकाकडे दोन आठवडे याप्रमाणे वर्षभरात २६ वाचक होतात, म्हणजे लोकप्रिय पुस्तकाचा परवाना साधारण वर्षभरात संपून पुन्हा घ्यावा लागतो. इतर काही मोठे प्रकाशक दोन वर्षांची मुदत घालतात आणि त्या दोन वर्षांसाठी ५० डॉलरांहून अधिक किंमत लावतात. मॅकमिलनने तर १ नोव्हेंबर २०१९ पासून नव्या ई-पुस्तकाची पहिल्या आठ आठवड्यांत ग्रंथालयाच्या संपूर्ण शाखासमूहाला मिळून एकच प्रत देण्याचे धोरण आणले होते. ग्रंथालयांनी बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये ते मागे घ्यावे लागले. ग्रंथपालाचे डिजिटल खरेदीचे अंदाजपत्रक असे दरवर्षी त्याच त्या पुस्तकांच्या नूतनीकरणात अडकून पडते, आणि स्वप्रकाशित लेखकाची खरी संधी येथेच आहे. त्याने रास्त किंमत आणि बिनमुदतीचा परवाना देऊ केला, तर ग्रंथपालाला तो व्यवहार पटतो, कारण ती प्रत त्याच्या संग्रहात कायमची राहते.

आता पैसे कसे येतात ते पाहू. ग्रंथालय थेट लेखकाकडून क्वचितच पुस्तक घेते. मध्ये एक पुरवठादार असतो. ओव्हरड्राइव्ह हा त्यातला सर्वांत मोठा. वाचकांच्या फोनवर दिसणारे लिब्बी हे ॲप त्याचेच आहे. याशिवाय हूपला, क्लाउडलायब्ररी, बोलिंडा या ऑस्ट्रेलियन कंपनीचे बॉरोबॉक्स आणि ना-नफा तत्त्वावर चालणारा पॅलेस प्रोजेक्ट हे पुरवठादार आहेत. एकट्यादुकट्या लेखकाशी पुरवठादार सहसा करार करत नाहीत. त्यासाठी आणखी एक दुवा, म्हणजे वितरक, लागतो. ई-पुस्तकांसाठी ड्राफ्टटूडिजिटल आणि कोबो रायटिंग लाइफ हे दोन मार्ग सर्वाधिक वापरले जातात. कोबोमधून पुस्तक ओव्हरड्राइव्हकडे पाठवले, तर लेखकाला ग्रंथालय-किमतीच्या, म्हणजे त्याने ग्रंथालयांसाठी वेगळ्या ठरवलेल्या किमतीच्या, ५० टक्के मिळतात. ड्राफ्टटूडिजिटलमधून वाटा त्याहून थोडा कमी पडतो, पण एकाच खात्यातून वर सांगितलेल्या बहुतेक पुरवठादारांकडे पुस्तक जाते. दोन्ही मार्ग वापरायचे असतील, तर ओव्हरड्राइव्ह कोणत्या तरी एकाच मार्गाने जोडावे. एकच पुस्तक दोन वाटांनी गेले की ग्रंथपालाच्या पडद्यावर त्याच्या दोन नोंदी दिसतात, आणि असा गोंधळ दिसला की तो पुस्तक घेण्याचेच टाळतो.

परवान्याच्या दोन पद्धती लेखकाने मुळापासून समजून घ्याव्यात, कारण सारे गणित त्यांवर उभे आहे.

पहिल्या पद्धतीत एक प्रत एका वेळी एकाच वाचकाला मिळते. ग्रंथालय एकदाच पूर्ण किंमत देते, आणि स्वप्रकाशित पुस्तकांच्या बाबतीत परवान्याला सहसा मुदत नसते. एक सभासद पुस्तक घेऊन गेला की ते परत येईपर्यंत बाकीचे प्रतीक्षा यादीत थांबतात, अगदी आपल्याकडच्या देवघेव विभागात छापील पुस्तकासाठी थांबतात तसेच. दुसऱ्या पद्धतीत ग्रंथालय आधी काहीच देत नाही. पुस्तक त्याच्या यादीत नुसते दिसत राहते, आणि एखाद्या सभासदाने ते घेतले की त्या एका देवघेवीपुरती रक्कम आकारली जाते. ओव्हरड्राइव्हवर ही रक्कम साधारणपणे ग्रंथालय-किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकी धरली जाते. या पद्धतीत प्रतीक्षा यादी नसते. एकाच दिवशी शंभर जणांनी मागितले तरी शंभर जणांना मिळते. हूपला मुख्यतः याच पद्धतीवर उभे आहे, म्हणून तेथे खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी ग्रंथालये दरमहा प्रत्येक सभासदाला किती पुस्तके घेता येतील याची मर्यादा घालतात.

एक उदाहरण आकड्यांत मांडून पाहू. समजा, पुस्तकाची ग्रंथालय-किंमत १२ डॉलर ठेवली आणि लेखकाचा वाटा निम्मा आहे. ग्रंथालयाने एक प्रत घेतली, तर लेखकाला ६ डॉलर एकदाच मिळतात. पुढे ती प्रत पाच वर्षांत साठ वाचकांनी वाचली तरी त्यात वाढ होत नाही. त्याच ग्रंथालयाने प्रति-देवघेव पद्धत निवडली, तर प्रत्येक वेळी १ डॉलर २० सेंट आकारले जातात आणि लेखकाला ६० सेंट मिळतात. दहाव्या देवघेवीला दोन्ही रकमा बरोबरीला येतात. याचा अर्थ, ज्या पुस्तकाला हळूहळू पण सतत वाचक लाभतात, त्याला दुसरी पद्धत अधिक देते. ज्या पुस्तकाला एखाद्या गावात पाचच वाचक मिळणार, त्याला पहिली. पद्धत कोणती घ्यायची हे मात्र ग्रंथालय ठरवते, लेखक नव्हे. लेखकाच्या हातात एवढेच असते की दोन्ही दारे उघडी ठेवायची की एक बंद करायचे. माझे स्पष्ट मत असे आहे की नव्या आणि अपरिचित लेखकाने दोन्ही उघडी ठेवावीत. ज्याचे नाव कधी ऐकलेले नाही त्याच्या पुस्तकावर ग्रंथपाल १२ डॉलर आधी घालणार नाही, पण वाचकाने मागितले तर सव्वा डॉलर देण्यात त्याला धोका वाटत नाही. आणि चार-सहा देवघेवी झालेल्या दिसल्या की तोच ग्रंथपाल कायमची प्रत घेण्याचा विचार करतो.

आता किमतीचा रकाना. कोबोच्या किमतीच्या पानावर किरकोळ विक्रीच्या किमतींबरोबर ग्रंथालयाची डॉलरमधली किंमत वेगळी भरायची सोय असते, आणि ड्राफ्टटूडिजिटलमध्येही तसाच वेगळा रकाना आहे. बरेच लेखक तेथे किरकोळ किंमतच पुन्हा लिहून मोकळे होतात. ३ डॉलरच्या पुस्तकाला ३ डॉलरच ग्रंथालय-किंमत ठेवली, तर प्रति-देवघेव ३० सेंट आकारले जातील आणि लेखकाला १५ सेंट मिळतील. कायमच्या परवान्यावर अनेक जण वाचणार, हे लक्षात घेऊन किरकोळ किमतीच्या दुप्पट ते तिप्पट किंमत ठेवणे रास्त मानले जाते. ग्रंथालयेही त्यात काही गैर मानत नाहीत, कारण बड्या प्रकाशकांच्या तुलनेत ती किंमत कितीतरी कमी असते. त्याहून वर जाण्याचा मोह मात्र आवरावा. मालिकेतले पहिले पुस्तक असेल, तर त्याची ग्रंथालय-किंमत मुद्दाम कमी ठेवावी, म्हणजे वाचक दुसऱ्या-तिसऱ्या भागाची मागणी स्वतःहून नोंदवतो.

श्राव्यपुस्तकांचा मार्ग वेगळा आणि थोडा काटेरी आहे. त्यांच्या निर्मितीचा खर्च मोठा असतो, म्हणून ग्रंथालय-किंमतही मोठी असते, आणि पैसे दोन चाळण्यांमधून गळत येतात. समजा, ग्रंथालयाने ३० डॉलर दिले आणि पुरवठादाराने निम्मे ठेवले, तर श्राव्य वितरकाकडे १५ डॉलर येतात. वितरक त्यातले २० टक्के ठेवत असेल, तर लेखकाला १२ डॉलर मिळतात. निवेदकाशी, म्हणजे ज्याचा आवाज आहे त्या कलाकाराशी, उत्पन्न वाटून घेण्याचा करार असेल, तर त्याचा हिस्सा या १२ डॉलरांतून जातो. म्हणून करार करतानाच ग्रंथालयाचे उत्पन्न त्यात धरले आहे की नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अमेझॉनच्या ऑडिबल या श्राव्यपुस्तक कंपनीच्या एसीएक्स या सेवेशी एकाधिकाराचा, म्हणजे पुस्तक फक्त तिच्याकडेच देण्याचा, करार केला, तर तेथे वाटा जास्त मिळतो, पण ते श्राव्यपुस्तक अन्य वितरकामार्फत ग्रंथालयांना देता येत नाही. एकाधिकार नसलेल्या करारात वाटा कमी असतो आणि ग्रंथालयांचे दार मोकळे राहते. ई-पुस्तकांच्या बाजूला अमेझॉनची केडीपी सिलेक्ट ही योजना ९० दिवसांच्या एकाधिकारावर चालते आणि मुदत आपोआप वाढत जाते. त्यात नाव घालण्यापूर्वी ग्रंथालयांविषयीचे कलम त्या दिवशीच्या करारात शब्दशः वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पुस्तक पुरवठादाराच्या यादीत पोहोचले म्हणजे ते ग्रंथालयात पोहोचले असे होत नाही. यादीत लाखो पुस्तके असतात आणि ग्रंथपालाला ते शोधता यावे लागते. ई-पुस्तक आणि श्राव्यपुस्तक यांना स्वतंत्र आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, घ्यावा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्यात काटकसर करण्याचे कारण नाही. विषयवर्गीकरण नेमके निवडावे, लेखकाचे नाव सर्व पुस्तकांवर एकाच वर्णलेखनात ठेवावे. पुस्तक मराठीत असेल, तर फाइलच्या माहितीत भाषा मराठी अशीच नोंदलेली आहे ना, देवनागरी टंक फाइलमध्ये अंतर्भूत आहे ना आणि जोडाक्षरे फोनवर फुटत नाहीत ना, हे तपासावे. आणि वितरक मराठी पुस्तके कोणकोणत्या पुरवठादारांकडे पाठवतो, हे फाइल चढवण्याआधीच विचारून घ्यावे. त्यानंतर वाचकांकडे वळावे. लिब्बीमध्ये एखादे पुस्तक आपल्या ग्रंथालयात नसले, तरी सभासदाला त्यावर ‘कळवा’ अशी खूण लावता येते आणि ती मागणी ग्रंथालयाला दिसते. परदेशातील मराठी मंडळांतील, तेथील ग्रंथालयाचे सभासद असलेल्या वाचकांना ही खूण लावण्याची विनंती करणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक प्रचार आहे. ग्रंथपालाला पत्र पाठवायचेच झाले, तर ते अर्ध्या पानाचे असावे: पुस्तकाचे नाव, आयएसबीएन, कोणत्या पुरवठादाराकडे उपलब्ध आहे, ग्रंथालय-किंमत आणि दोन ओळींत विषय. २०२५ च्या सुरुवातीला हूपलावर यंत्राने लिहिलेल्या सुमार पुस्तकांचा सुळसुळाट झाल्याची ओरड झाली आणि त्यांची छाटणी सुरू झाली, तेव्हापासून स्वप्रकाशित पुस्तकांकडे ग्रंथपाल अधिक बारकाईने पाहतात. संपादन, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांवर केलेला खर्च येथे थेट उपयोगी पडतो.

याखेरीज काही देशांत सरकारही लेखकाला मोबदला देते. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने ग्रंथालयातील प्रत्येक देवघेवीवर लेखकाला ठरावीक दराने काही पेन्स मिळतात, आणि १ जुलै २०१८ पासून ई-पुस्तके व श्राव्यपुस्तके यांचाही त्यात समावेश झाला आहे. एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड मिळू शकतात. स्वप्रकाशित पुस्तकही चालते. आयएसबीएन असावा आणि लेखक ब्रिटन किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्राचा रहिवासी असावा, एवढीच मुख्य अट आहे. लंडन-लेस्टरकडच्या मराठी लेखकांनी ३० जूनपूर्वी नाव नोंदवण्यात कसूर करू नये. कॅनडात १९८६ पासून अशीच योजना आहे, पण तेथे देवघेव मोजत नाहीत, पुस्तक ग्रंथालयांच्या संग्रहात आहे की नाही ते पाहतात. ऑस्ट्रेलियाने २०२३-२४ पासून डिजिटल पुस्तकांनाही हा हक्क दिला. अमेरिकेत असा हक्क नाही आणि भारतातही नाही. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा असून सार्वजनिक ग्रंथालयांना वर्गानुसार अनुदान मिळते, परंतु वाचकाने पुस्तक घरी नेल्याबद्दल लेखकाला काही देण्याची तरतूद नाही; ती असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

भारतात राहणाऱ्या लेखकाने अमेरिकी वितरकाकडे खाते उघडताना कराचा डब्ल्यू-८बेन हा अर्ज काळजीपूर्वक भरावा. भारत-अमेरिका करविषयक करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के कर कापला जातो. अर्जात पॅन क्रमांक आणि कराराचा लाभ नोंदवला नाही, तर ३० टक्के कापला जातो. कापलेल्या कराची पावती जपून ठेवावी, कारण येथील विवरणपत्रात त्याची वजावट मागता येते. ग्रंथालयाकडील पैसे किरकोळ विक्रीपेक्षा उशिरा, बहुधा काही महिन्यांनी जमा होतात, म्हणून पहिल्या तिमाहीत अहवाल कोरा दिसला तर लगेच किंमत बदलू नये. अहवाल वाचताना मोठ्या रकमेची एकच ओळ आणि छोट्या रकमांच्या अनेक ओळी वेगळ्या मोजाव्यात: पहिली म्हणजे कायमची प्रत, दुसऱ्या म्हणजे देवघेवी. सहा महिन्यांनी छोट्या ओळी वाढत असतील, तर ग्रंथालय-किंमत आहे तेवढीच ठेवावी आणि पुढचे पुस्तक त्याच वाटेने पाठवावे.